कणांची मोजणी सुईपासून सुरू होते



जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरचं (ओएमआर) सिरुसेरी हे गाव बहुतेकांना सिपकॉटच्या आयटी पार्कमुळे माहीत असतं, गणितातल्या मंडळींना चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमुळे. तिथे रक्ताच्या परिषदेला कोण येणार, असं आम्हा स्वागत समितीला विचारणारे होते. मुंबई-पुण्यापासून गडचिरोली-बेळगावपर्यंतच्या डॉक्टर, तंत्रज्ञ व विद्यार्थ्यांनी भरलेलं हे सभागृह त्यांना दाखवायला हवं. तसं तमिळनाडूत मराठी माणसाला वैद्यकाचं वावडं कधीच नव्हतं. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी आजही तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. सवड असेल त्यांनी परतीची वाट वाकडी करून जरूर पाहाव्यात.

आता विषय: पेशी रक्तात सोडतात ते सूक्ष्म कण आणि सेप्सिस. १९४६ मध्ये चारगाफ आणि वेस्ट यांना दिसलं, की प्लाझ्मा जोरात फिरवून तळाचा गाळ काढून घेतला तर तो उशिरा गोठतो. १९६७ मध्ये पीटर वुल्फ यांनी त्या गाळाला ‘प्लेटलेटची धूळ’ म्हटलं. पुढे कळलं, की हे कण फक्त प्लेटलेटचे नसतात. पांढऱ्या व तांबड्या पेशी आणि रक्तवाहिनीचं अस्तरही ते सोडतं. पेशी चेतवली गेली की पटलाच्या आतल्या अंगाला राहणारं फॉस्फॅटिडिलसेरीन हे मेदद्रव्य बाहेर येतं, पटलाला फुगे येतात आणि ते सुटून रक्तात वाहू लागतात. त्यांच्या ऋणभारित पृष्ठभागावर कॅल्शियमच्या मदतीने गोठणघटक एकत्र येतात आणि थ्रॉम्बिन झपाट्याने तयार होतं. मोनोसाइट या पांढऱ्या पेशींच्या कणांवर गोठणं सुरू करणारा टिश्यू फॅक्टर असेल तर ठिणगीही तिथेच आणि सरपणही तिथेच.

सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाने सारं शरीर ग्रासलं जातं तेव्हा, हे गोठणं शरीरभर घडतं. बारीक वाहिन्या गुठळ्यांनी बुजतात, प्लेटलेट आणि गोठणघटक संपत जातात, आणि ज्याच्या किडनीला रक्त पोचत नाही त्याच रुग्णाला सुई टोचलेल्या जागेतून रक्तस्राव होत राहतो. आयसीयूत काम करणाऱ्यांना डीआयसीचं, म्हणजे शरीरभर रक्त गोठण्याच्या विकाराचं, हे रूप मी वेगळं सांगायला नको. वाहिनीचं अस्तरही यात सोलवटतं, गळतं, रक्तदाब कोसळतो. पण सगळे कण खलनायक नाहीत. काहींच्या अंगावर प्रोटीन सीचा रिसेप्टर असतो आणि ते गोठणं आवरतात. म्हणून नुसती संख्या सांगणारा निबंध मला अर्धवट वाटतो. कण कुणाचा आणि त्याच्या अंगावर काय, हे आधी सांगा.

मी स्वतः प्रयोगशाळेतला माणूस, त्यामुळे एक गाऱ्हाणं मांडतोच. दंडाला पट्टा फार वेळ आवळला, सुई बारीक वापरली, निळ्या टोपणाची सायट्रेटची नळी दुचाकीवरून ओएमआरचे खड्डे खात आली, तर कण रुग्णाने केले की आपण, हे कोणतंही यंत्र सांगणार नाही. प्लाझ्मा दोनदा फिरवून प्लेटलेट काढल्याशिवाय गोठवला, तर वितळताना त्या फुटून नवे कण सोडतात. रोजच्या उपचारात ही मोजणी अजून आलेली नाही, त्याचं एक मोठं कारण हेच.

घाई महागात पडते, हेही या क्षेत्राने पाहिलंय. गोठणं आवरणाऱ्या सक्रिय प्रोटीन सीला औषध म्हणून २००१ मध्ये अमेरिकेत सेप्सिससाठी मान्यता मिळाली; २०११ मध्ये नव्या चाचणीत फायदा दिसला नाही आणि औषध बाजारातून मागे घेतलं गेलं. उलट गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या प्रशिक्षित बायकांच्या हाती नवजात बाळाच्या सेप्सिसची ओळख आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन दिलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात नवजात मृत्यूदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला होता. कणांच्या कोणत्याही चाचणीला मी याच फूटपट्टीने मोजेन: तिच्यामुळे अँटिबायोटिक लवकर मिळालं का, रक्तस्राव आधी ओळखता आला का?

तेव्हा निबंध वाचणाऱ्यांना विनंती, की रक्त कसं काढलं आणि किती वेळाने फिरवलं, हे पहिल्याच स्लाइडवर लिहा. ते नसेल तर श्रोत्यांनी खुशाल उभं राहून विचारावं. आणि व्यवस्थेत काही उणं राहिलं, तर तेही बिनदिक्कत मला सांगावं.