सहाची नऊ रूपं



सिडकोनं नवी मुंबई सेक्टरांत आखली. त्यामुळे इथल्या पत्त्यातच आकडा असतो आणि आता तो बहुतेक वेळा इंग्रजीत बोलला जातो. वाशीत रिक्षावाल्याला ‘सेक्टर सतरा’ सांगितलं, तर ‘सेव्हन्टीन ना?’ असं विचारून तो खात्री करून घेतो. मला याचं वाईट वाटतं. पण दोष कोणाला देणार? आपली संख्यानामं अवघड आहेतच.

एकट्या सहाचं बघा. सोळा, सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर, शहाऐंशी, शहाण्णव. प्राकृतातून येता येता प्रत्येक रूप आपापल्या परीनं झिजलं, म्हणून प्रत्येक वेगळं पाठ करावं लागतं. ‘त्र्याण्णव’ लिहिताना तर मोठ्यांचाही हात अडखळतो. त्यात आपण बोलतो एकक आधी आणि लिहितो दशक आधी. ‘पंचवीस’ ऐकलं की मूल पहिल्यांदा पाच लिहून मोकळं होतं. जर्मन मुलांचंही हेच होतं, कारण तिकडेही ‘पाच आणि वीस’ असंच म्हणतात. फ्रेंच ऐंशीला ‘चार विसा’ म्हणतात. आपली जुनी माणसंही विसांनी मोजत. आणि एकोणीस म्हणजे विसाला एक कमी, हा हिशेब प्राचीन रोमनांच्या लॅटिनमध्येही होता!

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं आणि वाद थेट विधानसभेत पोचला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं: जोडाक्षरांमुळे आणि उलट्या क्रमामुळे मुलं गणिताला घाबरतात. कन्नड, तेलुगू, तमिळमध्ये दशकच आधी येतं. पुस्तकात जुनी नावंही होती, हे त्या गदारोळात फारसं कोणी ऐकलं नाही.

मला ती वाट पटते, पण पहिली पायरी म्हणूनच. भाजीवाल्या मावशी ‘पंचवीसला पाव’ म्हणतात, ‘वीस पाचला’ नाही. ते कान पुस्तक देणार नाही, घरानंच द्यायला हवेत. पाढे मोठ्यानं म्हणा. दुधाचा हिशेब मुलांसमोर मराठीत करा. मूल अडलं, तर ‘ट्वेन्टी फाइव्ह’ सांगून सुटका करून घेऊ नका. ‘वीस आणि पाच, पंचवीस’ असं सांगा, आणि त्याच्याकडून म्हणवून घ्या.