दोन दमड्यांना पाच

मेकअप करून, गजरे माळून केव्हापासून ताटकळलेल्या मुलामुलींनो,

मला पंधरा मिनिटं दिली आहेत. मुख्याध्यापिका बाईंनी ती फोनवर सांगितली, पत्रात लिहिली आणि आत्ता स्टेजवर चढताना बोटांनीही खुणावली. कोळीगीतवाल्या मुली टोपल्या घेऊन विंगेत उभ्या आहेत, त्यांचे चेहरे मला इथून दिसतात. तेव्हा घड्याळ समोर काढून ठेवतो.

या टेबलावरची बक्षिसं मी मघाशी मोजली. ४३ आहेत. आणि मैदानावर मुलं आहेत ७०० च्या आसपास. म्हणजे आज इथे बसलेल्या बहुतेकांना काही मिळणार नाही. बक्षीस कमवावं लागतं, ज्यांनी कमावलं त्यांना ते मिळतंय, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांचं अभिनंदन मी हस्तांदोलन करून करणारच आहे. पण बोलणार आहे ते न कमावलेल्या गोष्टीबद्दल.

तुम्हाला ‘ग्रेस’ हा शब्द कुठून माहीत? ग्रेस मार्कांवरून. हसू नका, मलाही तो तिथूनच कळला. दहावीला गणितात ३५ ला पास होतं आणि मला पडले होते ३१. वरचे चार बोर्डाने दिले. पुढे मी तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, पण ते चार मार्क अजून फेडलेले नाहीत. मात्र ग्रेस मार्कांना एक अट असते. काठापर्यंत तुम्ही स्वतः पोहत यायचं, मग बोर्ड हात देणार. ज्याला बारा पडले त्याला कोणी हात देत नाही. आमच्या देवळात, वसईत आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, फादर ज्या कृपेबद्दल बोलतात ती या अटीच्या पलीकडची. ती बारावाल्याला मिळते आणि शून्यवाल्यालाही. म्हणून ती पचायला जड जाते. मलाही अजून पुरती पचलेली नाही, विशेषतः शेजाऱ्याला मिळते तेव्हा.

इथे सगळ्या घरांतली मुलं आहेत. मी ख्रिस्ती आहे, माझ्या घरातल्या पुस्तकातून बोलतो. पण तुम्ही परिपाठाला पसायदान म्हणता ना? ‘पसाय’ म्हणजे प्रसाद. ज्ञानेश्वरांनी नऊ हजार ओव्यांचं काम पुरं केलं आणि शेवटी मजुरी मागितली नाही, दान मागितलं. तेव्हा ही गोष्ट तुमच्या घरातही आहे, फक्त नाव वेगळं.

आता वाडीत येऊ. आमची वाडी लहानशी आहे. केळी, थोडी पानवेल, मोगऱ्याचे चार वाफे, कढीपत्त्याचं एक झाड. शाळेच्या भिंतीवर लिहायला वाडीतला सर्वांत आवडता प्राणी कोणता? मुंगी. उद्योगी, शिस्तीची, रांगेत जाणारी. बायबललाही ती ठाऊक आहे. नीतिसूत्रांच्या पुस्तकात आळशी माणसाला मुंगीकडे जाऊन शहाणा हो म्हणून सांगितलंय. पण चारही शुभवर्तमानं वाचून काढा, येशूच्या तोंडी मुंगी एकदाही येत नाही. कसर येते, चिलट येतं, विंचू येतो, पिल्लं पंखाखाली घेणारी कोंबडी येते. आणि चिमणी येते.

चिमणीचा हिशोब गमतीचा आहे. गणितात ग्रेसवर पास झालेल्यालाही जमेल असा. तेव्हाच्या बाजारात चिमण्या विकायला असायच्या, गरिबाचं खाणं म्हणून. मत्तयच्या शुभवर्तमानात भाव दिलाय, एका दमडीला दोन. लूकने दिलाय, दोन दमड्यांना पाच. करा गुणाकार. एका दमडीला दोन, तर दोन दमड्यांना किती? चार. मग पाचवी कुठून आली? ती वर घातलेली. आपल्याकडे भाजीवाली मावशी वर दोन मिरच्या टाकते तशी. म्हणजे पाचव्या चिमणीला किंमतच नव्हती, ती हिशोबातच नव्हती. आणि लूक लिहितो की देव त्यांच्यातल्या एकीलाही विसरत नाही. दर सांगणारे बाजारात खूप असतात. वर घातलेल्या चिमणीची मोजणी ठेवणारा मला दुसरा माहीत नाही.

मला स्वतःला मात्र चिमणीपेक्षा गांडूळ जवळचं. तुमच्यातल्या बऱ्याच जणी आत्ता ‘ई’ म्हणाल्या, ऐकू आलं. गांडुळाला डोळे नाहीत, कान नाहीत, फुप्फुसं नाहीत. ओल्या कातडीतून श्वास घेतं, कातडी सुकली की मरतं. पावसाळ्यात सकाळी वाफ्यात बघा, शेवेच्या सोऱ्यातून पडावेत तसे मातीचे वेटोळेदार ढीग दिसतील. ती त्याने खाऊन बाहेर टाकलेली माती. चार्ल्स डार्विनचं नाव तुम्ही विज्ञानात वाचलं असेल. त्याने शेवटचं पुस्तक लिहिलं ते गांडुळांवर, १८८१ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी. इंग्लंडमधल्या डाउन गावात आपल्या घराजवळच्या शेतात त्याने १८४२ मध्ये खडूचे तुकडे पसरून ठेवले होते. २९ वर्षांनी तिथे चर खणला. खडूची पांढरी रेघ ७ इंच खाली गेली होती. वरची ७ इंच माती गांडुळांनी आणून घातलेली. इंग्लंडच्या कितीतरी भागांत एकरी, दर वर्षी, १० टनांहून जास्त माती त्यांच्या पोटातून जाते असा हिशोब त्याने मांडला. त्यांना ऐकू येतं का ते पाहायला मुलाला त्यांच्यासमोर ‘बसून’ नावाचं मोठं पुंगीसारखं वाद्य वाजवायला लावलं. गांडुळं ढिम्म. पण त्यांच्या कुंड्या पियानोवर ठेवून सूर दाबला की बिळात पळायची. आवाज नाही, कंप कळतो. घरात असा बाप असायला हवा.

आपण या जमिनीवर पिकवतो, खातो, वर ‘माझी जमीन’ म्हणतो. ती ७ इंच कोणी दिली, आपण मागितली होती का, त्याबदल्यात काय दिलं? मृगाचा पाऊस पडला की ती बिचारी गांडुळं डांबरी रस्त्यावर येतात आणि आपल्या रिक्षा त्यांच्यावरून जातात, हे दिलं. मी सकाळी फिरायला निघतो तेव्हा उचलून कडेला टाकतो. लोक म्हणतात, सर निवृत्त झाल्यापासून जरा असे झाले. माझ्याआधी ८०० वर्षांपूर्वी असिसीकर संत फ्रान्सिस हेच करायचे. त्यांचं पहिलं चरित्र लिहिणाऱ्या चेलानोच्या थॉमसने नोंदवून ठेवलंय की वाटेतले किडे ते तुडवले जाऊ नयेत म्हणून उचलून ठेवत. कारणही दिलंय, आणि माझ्यासाठी सगळ्या विषयाची किल्ली तिथे आहे. स्तोत्रसंहितेतल्या २२व्या स्तोत्रात दुःखाने पिचलेला माणूस स्वतःला माणूस म्हणत नाही, किडा म्हणतो. येशूने क्रुसावर आक्रोश केला तो याच स्तोत्राच्या सुरुवातीच्या शब्दांनी. फ्रान्सिसना वाटेवरचा किडा दिसला की तो आक्रोश आठवायचा. देव खाली उतरला म्हणतात. किती खाली? लोक ज्याला तुडवतात तिथवर. ज्याला हे पटलं त्याला रस्त्यावरून नुसतं पुढे जाता येत नाही, वाकावं लागतं. माझी तर कंबर धरते.

इथे थांबलो असतो तर भाषण गोड झालं असतं. पण शिक्षक होतो, अर्धी बाग दाखवून पळणं जमणार नाही. कढीपत्त्यावर फुलपाखराच्या अळ्या येतात. लहान असताना अगदी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, कोणी खाऊ नये म्हणून. मोठ्या झाल्या की हिरव्यागार, आणि डिवचलं की डोक्यामागून नारिंगी, दोन टोकांचं शिंग काढून वास सोडतात. एकदा नातीला दाखवायला मी अशा अळीचा कोष बरणीत ठेवला. फुलपाखरू येणार म्हणून ती रोज शाळेतून आल्या आल्या बघायची. एका दुपारी कोषाला टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं, आणि त्यातून मुंगीपेक्षा बारीक गांधीलमाश्या एकामागून एक बाहेर पडल्या. आतलं सगळं त्यांनी खाल्लं होतं. नात रडली. अशाच माश्यांवरून डार्विनने १८६० मध्ये आपल्या धर्मनिष्ठ मित्राला, आसा ग्रे या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाला, लिहिलं होतं की दयाळू देवाने हे मुद्दाम घडवलं असेल असं मन मानत नाही. धर्मोपदेशक व्हायचं म्हणून केंब्रिजला शिकलेला माणूस तो. त्याला उत्तर देण्याची माझी ऐपत नाही. फुलपाखरू दाखवून देव सिद्ध करणाऱ्या प्रवचनकारांवरही माझा विश्वास नाही, ते बरणीचा हा भाग सांगत नाहीत. संत पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात सृष्टी प्रसूतीच्या कळा सोसतेय असं मांडलंय. मला ते त्यापेक्षा खरं वाटतं. कळांमध्ये ओरडणं असतंच. नातीला मी एवढंच म्हणालो की मलाही वाईट वाटलं.

म्हणून मी म्हणतो, बागेत जाऊन कृपा शोधू नका. आधी ती माणसाकडून मिळावी लागते, मग किड्यातही ओळखू येते. मला कुठे मिळाली ते सांगतो आणि बसतो.

आठ-नऊ वर्षांचा असेन. बावखलाच्या, म्हणजे आमच्याकडच्या तळ्याच्या, काठी चतुर पकडायचा, शेपटीला दोरा बांधून उडवायचा, हा आमचा खेळ. इथले बाबा लोक मान खाली घालताहेत, त्यांनीही केलंय. एकदा मी दोरा जोरात ओढला आणि शेपटीचा तुकडाच हातात आला. चतुर पाण्यावर पडून गरगरत राहिला. मागे वळलो तर आजी उभी. काही बोलली नाही, घरी गेली. त्या संध्याकाळी सुकेळी वाटायची होती. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली, मधासारखी चिकट, पानात गुंडाळलेली. आम्ही पाच भावंडं ओट्यावर. मी सगळ्यांच्या मागे बसलो, आपल्याला मिळणार नाही हे धरूनच. आजीने चौघांना दिली, मग उठून माझ्यापर्यंत आली आणि सुकेळ हातावर ठेवलं. मी म्हटलं, “आजी, मी आज...” ती म्हणाली, “ठाऊक आहे. खा. आणि ते दोऱ्याचं रीळ मला आणून दे, गोधडी शिवायची आहे.”

मार बसला असता तर दुसऱ्या दिवशी रीळ लपवून मी पुन्हा बावखलावर गेलो असतो, याची मला खात्री आहे. गेलो नाही. सुकेळ खाताना घशात अडकत होतं. त्या पाचांतला पाचवा मी होतो, हे लूकचा हिशोब वाचल्यावर पुष्कळ वर्षांनी ध्यानात आलं.

पंधरा मिनिटं झाली. बाई, आता नावं वाचायला सुरुवात करा, आणि मुलांनो, टाळ्या पहिल्या नावाला वाजवाल तेवढ्याच जोरात ४३व्या नावालाही वाजवा. एक निरोप राहिला. आमच्या वाडीतल्या वेलची केळीचे सात लोंगर फाटकापाशी ठेवलेत. त्याची यादी केलेली नाही. जाताना प्रत्येकाने एकेक केळं घ्या. साल रस्त्यावर नको, वाफ्यात टाका.