रेंजचा काटा आपल्या हाती घ्या

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत मोबाईलच्या रेंजवर बोलायचे ठरले, तेव्हा काही कार्यकर्त्यांनी विचारले, "शेतीमालाचा भाव, कर्ज, वीज हे सारे सोडून हा विषय का?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे.

२०२१ साली राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पीकपेरा शेतकऱ्याने स्वतः, शेतात उभे राहून, मोबाईलवरून नोंदवायचा. पीएम किसानची ई-केवायसी घरबसल्या करायची तर ओटीपी मोबाईलवर येणार. २०१६ च्या पीक विमा योजनेत स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांच्या आत देण्याची अट घातली गेली. म्हणजे सरकारदरबारी जाण्याचा रस्ताच मोबाईलमधून काढला. त्या रस्त्यावर रेंज नसेल तर बुडतो तो शेतकऱ्याचा पैसा.

तक्रार करावी तर काय होते? टॉवरची कंपनी म्हणते, फोन खराब आहे. फोनचा दुकानदार म्हणतो, सिम बदला. कचेरीतले साहेब म्हणतात, शेजाऱ्याचा फोन चालला, तुमचाच कसा चालत नाही? तिघेही मोकळे सुटतात आणि दोष शेतकऱ्याच्या माथी बसतो. कारण एकच. आपल्याजवळ माप नाही.

काड्या म्हणजे व्यापाऱ्याचा काटा

फोनच्या कोपऱ्यात रेंजच्या चार-पाच काड्या दिसतात. आपण त्या मोजतो आणि म्हणतो, याचा फोन चांगला, त्याचा वाईट. पण किती रेंजला किती काड्या दाखवायच्या, याचे सगळ्यांना बांधील असे कोणतेही प्रमाण नाही. ज्याने फोन केला त्यानेच काट्याच्या खुणा मारल्या. २०१० साली आयफोन ४ बद्दल ओरड झाली, तेव्हा ॲपल कंपनीने जाहीर पत्रातच कबूल केले की काड्या दाखवण्याचे सूत्र साफ चुकीचे होते आणि पुष्कळदा दोन काड्या जास्त दिसत होत्या. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत. मापात पाप कसे असते ते कापूस आणि ऊस घालणाऱ्या आपल्या लोकांना सांगायला नको.

खरे वजन फोनच्या पोटात असते. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये शेवटी 'फोनविषयी' असा भाग असतो. त्यात सिमच्या स्थितीखाली सिग्नलचा आकडा दिसतो. काही फोनांत नावे थोडी वेगळी असतात. आकड्यापुढे डीबीएम लिहिलेले असते आणि त्याआधी उणे चिन्ह असते. म्हणून उणे ८५ चांगले आणि उणे ११० कमजोर. उणे १२० च्या आसपास ४जी तुटायला लागते. या मापात १० चा फरक म्हणजे दहापट आणि २० चा फरक म्हणजे शंभरपट. उणे ९५ आणि उणे १०५ हे कागदावर शेजारी दिसतात, पण एकाला मिळते त्याच्या दहावा हिस्साच दुसऱ्याला मिळतो.

दोन फोन कसे ताडावेत

आम्ही कार्यकर्त्यांचे फोन एका बांधावर जमवून हे करून पाहिले. पद्धत सोपी आहे. सिम एकच, तेच प्रत्येक फोनमध्ये घालायचे. जागा एकच, वेळ शक्यतो एकच. ४जीचा आकडा ४जीशीच ताडायचा, २जीशी नाही. फोन लाकडी फळीवर ठेवून बाजूला व्हायचे, मिनिटभर थांबायचे आणि तीनदा आकडा लिहायचा. मग तोच फोन मुठीत धरून, खिशात ठेवून, पत्र्याच्या शेडमध्ये आणि उभ्या उसात नेऊन पाहायचा.

मुठीत धरला की आकडा घसरतो, कारण फोनची अँटेना त्याच्या कडेला असते आणि हात ती झाकतो. पत्रा लहर अडवतो. ओल्या पाल्याचे दाट पीकही ती शोषते. त्यामुळे जिथे उन्हाळ्यात फोन लागतो, तिथे भादव्यात लागेलच असे नाही. आणि महाग फोन प्रत्येक वेळी पुढे राहिला, असे आम्हाला दिसले नाही.

फोनाफोनांतील मोठा फरक आणखी एका ठिकाणी आहे. प्रत्येक कंपनी ठरावीक पट्ट्यांवर, म्हणजे बँडवर, लहरी सोडते. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या खालच्या लहरी लांब जातात, भिंतीतूनही शिरतात. २३०० किंवा ३३०० च्या वरच्या लहरी लवकर थकतात. ढोल शिवारापलीकडे ऐकू येतो, झांज येत नाही, तसेच हे. बीएसएनएलचे ४जी ७०० आणि २१०० वर चालते. ७०० चा म्हणजे २८ क्रमांकाचा बँड ज्या फोनमध्ये नाही, त्याला ढोल ऐकूच येणार नाही. सिम तेच, टॉवर तोच, तरी एक फोन बोलतो आणि दुसरा मुका राहतो. म्हणून फोन घेताना कॅमेऱ्याच्या आधी बँडची यादी विचारा.

आता शेवटचा भेद. आकडा चांगला आहे, तरी संध्याकाळी इंटरनेट चालत नाही, तर फोन निर्दोष आहे. टॉवरवर गर्दी जास्त आणि क्षमता कमी, हा कंपनीचा दोष. सगळ्याच फोनांचा आकडा पडलेला असेल तर टॉवर दूर आहे. एकाच फोनचा पडला असेल तरच दोष फोनचा.

ही भीक नाही

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. खेड्यापाड्यांत सेवा पोचावी म्हणून २००२ पासून कंपन्यांच्या उत्पन्नावर ५ टक्के आकारणी होते. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्या निधीचे नाव डिजिटल भारत निधी केले. तेव्हा शिवारात रेंज मागणे म्हणजे मेहेरबानी मागणे नव्हे.

आम्ही तंत्रज्ञानाला विरोध करायला उभे नाही. शेतकऱ्याने मोबाईल कोणी सांगण्याआधी हातात घेतला. विरोध आहे तो सक्तीला. साधन पोचवायचे नाही आणि मुदत मात्र घड्याळ लावून मोजायची, हा न्याय नव्हे.

म्हणून प्रत्येक गावशाखेने एक वही घालावी. गट नंबर, तारीख, वेळ, सिमची कंपनी, फोन आणि आकडा, एवढेच लिहावे. कंपन्यांनी आपल्या जाळ्याचे नकाशे प्रसिद्ध करावेत असा २०२४ चा नियम आहे. ते नकाशे उघडा आणि वहीशी ताडा. जिथे नकाशावर रंग आहे आणि शिवारात रेंज नाही, त्या गटांची यादी घेऊन तहसीलवर जायचे. मागण्या दोन: रेंज नसलेल्या गटांना नोंदणीची मुदत वाढवून मिळाली पाहिजे, आणि मोबाईलशिवाय कागदावर अर्ज घेण्याची सोय झाली पाहिजे.

पुढच्या बैठकीला येताना भाषणाची तयारी नको. वह्या आणा.