पाणबुड्याचें घड्याळ निवडतांना

पाण्यांत बुडी मारणाऱ्या मनुष्याला किती वाजले हें जाणण्याची फारशी निकड नसते. खालीं उतरून किती मिनिटें झालीं, एवढेंच त्याला कळावयास हवें असतें. पाठीवरच्या टाकींतील हवा मोजकी असते, आणि खोल जागीं प्रमाणाबाहेर वेळ घालविला तर शरीरांत मुरलेला नायट्रोजन वर येतांना प्राणावर बेततो. या गरजेंतूनच १९५३ सालीं ब्लांपँ या स्विस पेढीचें 'फिफ्टी फॅदम्स' जन्मास आलें. रोलेक्सच्या 'सबमरिनर'चा आरंभहि त्याच सुमाराचा. तबकडीभोंवतीं फिरणारें कडें हें अशा घड्याळाचें मर्म होय. बुडी मारतांना कड्यावरील शून्याची खूण मिनिटकांट्यासमोर आणावी. पुढें कांटा ज्या आंकड्यावर जाईल तितकीं मिनिटें उलटलीं असें समजावें.

आजचे पाणबुडे मनगटावर लहानसा संगणक बांधतात. कमानीवर चालणारें घड्याळ बहुधा जोडीला किंवा निव्वळ आवडीखातर घेतलें जातें. तथापि त्याची किंमत मोठी असते, म्हणून निवड डोळसपणेंच व्हावयास हवी. २०२० सालीं निघालेलें तारखेविनाचें 'सबमरिनर' आणि ओमेगानें २०१८ सालीं नव्या रूपांत आणलेलें 'सीमास्टर डायव्हर ३०० एम' या दोहोंची तुलना त्या दृष्टीनें उद्बोधक आहे.

ग्राहकाचें लक्ष प्रथम खोलीच्या आंकड्याकडे जातें. तो दोहोंवर सारखाच, ३०० मीटर आहे. आणि हौशी पाणबुड्याची मर्यादा साधारण ४० मीटरची. अर्थात् या आंकड्यानें निवड होत नाहीं. ओमेगाच्या कडेला, दहाच्या आंकड्याजवळ, हेलियम बाहेर सोडणारी एक झडप आहे. दाबाच्या खोलींत कित्येक दिवस राहून समुद्रतळाशीं काम करणारे लोक हेलियममिश्रित हवेवर जगतात. त्या वायूचे सूक्ष्म कण घड्याळांत शिरतात आणि बाहेरचा दाब उतरूं लागला म्हणजे कांच उडवूं पाहतात. तो धोका या झडपेनें टळतो. तारकर्लीच्या समुद्रांत तासभर प्रवाळ पाहणाऱ्यास तिचा कांहींएक उपयोग नाहीं.

खरा भेद इतरत्र आहे. ओमेगाचा मिनिटकांटा व कड्यावरील खुणेचा ठिपका काळोखांत हिरवे दिसतात, बाकीच्या खुणा निळ्या. त्यामुळें नेमकें काय वाचावयाचें तें नजरेस लगेच कळतें. रोलेक्सच्या साऱ्याच खुणा निळ्या उजळतात. कडें मात्र दोहोंचें एकाच दिशेनें फिरतें. चुकून धक्का लागला तर उलटलेला वेळ अधिक दिसतो, कमी कधींहि दिसत नाहीं. पाणबुडा फार तर लवकर वर येईल. चूक झालीच तर ती जीव वाचविणाऱ्या बाजूस व्हावी, अशी ही योजना आहे. आरंभींच्या सबमरिनरचें कडें दोन्हीं बाजूंस फिरत असे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या सुधारणेचें मोल कळतें. तेव्हां दुकानांत बोटें ओलीं करून दोन्हीं कडीं फिरवून पाहावींत. रोलेक्सच्या कड्याची कड दांतेरी आहे, ओमेगाची लाटेसारखी वळणदार. कोणती हाताला बसते तें ज्याचें त्यानें ठरवावें.

जमिनीवरचा हिशेब निराळा आहे. पूर्ण चावी दिलेलें सबमरिनर सुमारें ७० तास चालतें, सीमास्टर ५५ तास. शुक्रवारीं रात्रीं नऊला काढून ठेविलेलें घड्याळ सोमवारीं सकाळीं नऊला, म्हणजे ६० तासांनीं, हातांत घेतलें तर पहिलें चालू असेल आणि दुसरें पहांटे चारच्या सुमारास थांबलेलें असेल. रोलेक्स आपल्या घड्याळास दिवसाला दोन सेकंदांपर्यंत पुढें अथवा मागें जाण्याचीच मुभा देते. ओमेगाची मर्यादा शून्य ते पांच सेकंद पुढें, अशी आहे. उलटपक्षीं ओमेगाचें यंत्र १५,००० गॉस इतकें चुंबकीय क्षेत्र सोसतें. ध्वनिक्षेपक आणि लोहचुंबकाच्या कड्या लावलेल्या पेट्या ज्या घरांत आहेत, तेथें हा गुण दुर्लक्षिण्याजोगा नाहीं. आकारांत एका मिलिमीटराचाच फरक आहे: ४१ आणि ४२.

सारांश, काळोखांत चटकन् वाचतां येणें व चुंबकापासून निर्भयता ज्यास हवी, त्यानें ओमेगाकडे वळावें. दोन दिवस काढून ठेवूनहि चालणारें, वेळेस अधिक चोख घड्याळ ज्यास हवें, त्यास सबमरिनर मानवेल. मात्र त्यासाठीं अधिक पैसा मोजण्याची आणि पुष्कळदां वाट पाहण्याचीहि तयारी हवी.

परंतु कोणतेंहि घेतलें तरी पाणी अडवितात तीं आंतलीं रबरी कडीं, आणि रबर काळानें कठीण होतें. चावी पिळून घट्ट बसविली नाहीं, किंवा पाण्याच्या दाबाची तपासणी वर्षानुवर्षें टाळली, तर तबकडीवरील ३०० चा आंकडा केवळ शोभेचा उरतो. म्हणून पैसे मोजण्यापूर्वीं दुकानदारास शेवटीं एकच प्रश्न विचारावा: ही तपासणी आपल्या शहरांत कोठें होते, आणि तिला खर्च किती येतो?