पहिला ॲम्प्लिफायर घेताना
(उत्सवातील सायंकालीन व्याख्यानमालेत केलेले भाषण)



विषय ऐकून काही ज्येष्ठांच्या भुवया उंचावल्या. गणपतीपुढे इलेक्ट्रिक गिटारचे काय काम? पण यंदाच्या सांस्कृतिक कार्यक्रमात पेटी-तबल्याबरोबर गिटारही आहे, आणि गेल्या काही महिन्यांत तीन-चार पालकांनी मला एकच प्रश्न विचारला आहे : "मुलाला गिटार घेऊन दिली, आता ॲम्प्लिफायर मागतोय. कोणता घ्यावा?" मी वादक नाही. सोल्डरिंगची कांडी घेऊन जुने ॲम्प्लिफायर दुरुस्त करणे हा माझा छंद. तेव्हा रागदारीचे नाही, तारा आणि खोक्यांचे बोलतो.

इलेक्ट्रिक गिटारचे अंग भरीव लाकडाचे असते. साध्या गिटारीसारखी पोकळी नसल्याने नुसती वाजवली तर शेजारच्या खोलीतही ऐकू जात नाही. तारांखाली पिकअप असतो, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत अगदी क्षीण वीज उमटते. ती मोठी करून स्पीकरला द्यायची, एवढेच ॲम्प्लिफायरचे काम. ही युक्ती १९३० च्या दशकात अमेरिकेत रूढ झाली. आपल्यालाही ती परकी नाही. मुंबई-कोकणातली बेंजो पार्टी आठवा. तो बेंजो म्हणजे बुलबुल तरंगच, पिकअप लावून भोंग्यावर चढवलेला. इथल्या धुमाल पार्टीच्या गाडीवर आवाजाच्या पेट्या रचलेल्या असतात, त्यामागेही तेच तंत्र. आणि १९७१ सालच्या 'दम मारो दम' मधली गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजवली होती, हे गझलप्रेमी मंडळींना सांगितले की त्यांना खरे वाटत नाही!

पालकांचा पहिला उपप्रश्न : "घरी होम थिएटर आहे, त्यालाच जोडू का?" आवाज येईल, पण गिटारचा येणार नाही. पिकअपची वीज इतकी दुबळी असते की समोरच्या यंत्राने ती जरासुद्धा ओढता कामा नये. गिटार ॲम्प्लिफायरची रचना तशी असते. होम थिएटरची नसते, म्हणून स्वर बोथट होतो. शिवाय गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचा आवाज मुद्दाम गाळून टाकतो. डिस्टॉर्शन लावून तोच आवाज सगळे सूर देणाऱ्या स्पीकरमधून काढला तर मधमाश्यांचे पोळे फुटल्यासारखे वाटते. मुलाला वाटते आपल्याला वाजवता येत नाही. हात बरोबर असतो, खोके चुकीचे असते.

आता वॅट. दुकानात सर्वांत जास्त फसवणूक इथे होते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'पीएमपीओ' लिहून हजारोंचा आकडा छापलेला असेल तर त्याकडे पाहूच नका. 'आरएमएस' किती, ते विचारा. दुसरी गोष्ट, दहाऐवजी वीस वॅट घेतले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. कानाला जेमतेम फरक कळतो, कारण वॅट दुप्पट झाले की तीनच डेसिबल वाढतात. आवाज दुप्पट वाटायला वॅट सुमारे दसपट लागतात. आपल्या घरांतल्या दहा बाय बाराच्या खोलीत दहा वॅटचा ॲम्प्लिफायर निम्म्यावरही नेता येत नाही. मग साठ वॅटचा घेऊन काय करायचे? असा मोठा खोका आणला की पहिल्या आठवड्यात शेजारच्या काकूंची तक्रार येते, दुसऱ्या आठवड्यात वडिलांचा दम मिळतो, आणि तिसऱ्या आठवड्यात गिटार कपाटावर जाते. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आपण मंडप घालणारी माणसे, आपल्याला ती तोंडपाठ हवी.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. नवशिक्याला तीन ते दहा वॅट भरपूर. त्यात हेडफोन लावायची सोय हवीच हवी. रात्री अकरा वाजता, परीक्षेच्या दिवसांत, धाकटे भावंड झोपले असताना सराव होऊ शकतो तो तिच्यामुळेच. बाहेरचे गाणे जोडण्याचे छिद्र असावे, म्हणजे गाण्याबरोबर वाजवता येते. शंभर प्रकारचे इफेक्ट मात्र मला नकोसे वाटतात. मुले बटणे फिरवण्यात तास घालवतात आणि बोटे तिथेच राहतात. स्वच्छ आवाज चांगला आणि एक बरे डिस्टॉर्शन, एवढे पुरे.

नावे विचारता म्हणून सांगतो. फेंडरचा 'फ्रंटमन १० जी' दहा वॅटचा आहे. सहा इंची स्पीकर, हेडफोनची सोय, मोजकी बटणे. रोलंडचा 'मायक्रो क्यूब जीएक्स' तीन वॅटचा, पाच इंची स्पीकरचा, आणि तो सहा पेन्सिल सेलवरही चालतो. आपल्या रायपूरच्या उन्हाळ्यात वीज गेली तरी सराव थांबत नाही. हातात फारच थोडे पैसे असतील तर वॉक्सचा 'ॲम्पलग' पाहा. गिटारच्या छिद्रातच खोचायचा आणि हेडफोनने ऐकायचे, शेजाऱ्यांना पत्ताही लागत नाही. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरची गोडी मी नाकारत नाही, पण तो महाग, जड आणि मोठ्याने वाजवल्यावरच खुलणारा. तो हौस टिकल्यावर.

दुकानात जाताना स्वतःची गिटार न्या. दुकानातल्या महागड्या गिटारीवर सगळेच ॲम्प्लिफायर गोड लागतात. आवाज अगदी लहान ठेवून ऐका, कारण घरी तसाच वाजणार आहे. मग काही न वाजवता आवाज वाढवा आणि गुणगुण किती येते ते पाहा. आली तर लगेच नापास करू नका. गिटार हातात धरून जागेवर फिरा. एखाद्या दिशेला गुणगुण कमी झाली तर दोष पिकअपचा आणि आसपासच्या ट्यूबलाइटच्या चोकचा आहे. सगळे नॉब फिरवा. खरखरले तर दुसरा नग मागा.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला, ती गोष्ट. गिटारच्या तारा ब्रिजमधून आणि केबलच्या जाळीतून थेट ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. तो पत्रा थ्री-पिनच्या जाड पिनेतून जमिनीला. वाजवणाऱ्याचा हात सतत तारांवर असतो. अर्थिंग नसेल आणि आत कुठे गळती झाली तर वीज तारांवर येते. एकट्या तारांनी कदाचित मुंग्याच येतील, पण त्याच वेळी ओठ माइकला लागले आणि माइक दुसऱ्या यंत्रावर असला तर वीज शरीरातून आरपार जाते. मे १९७२ मध्ये ब्रिटनमधल्या स्वान्सी शहरात लेस हार्वी हा तरुण गिटारवादक भर कार्यक्रमात माइकला हात लावताच असाच गेला.

आपल्या मंडपात काय असते? माइक डेकोरेटरच्या जनरेटरवर आणि गिटार बाजूच्या घरातून ओढलेल्या वायरवर! घरी काय असते? भाड्याच्या खोलीत दोन पिनांचा सॉकेट, मग थ्री-पिनची जाड पिन कापायची किंवा टू-पिनचा अडॅप्टर लावायचा. हे कृपा करून करू नका. ॲम्प्लिफायर घेण्याआधी इलेक्ट्रिशियन बोलवा आणि फेज व अर्थ यांच्यामध्ये १०० वॅटचा बल्ब लावून दाखवायला सांगा. बल्ब पूर्ण पेटला तर अर्थिंग ठीक, मिणमिणला तर नाही. शक्य असल्यास ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी बसवून घ्या. घरमालक ऐकत नसेल तर सेलवर चालणाराच ॲम्प्लिफायर घ्या, त्याचा घरच्या विजेशी संबंधच येत नाही. मंडपात माइक आणि गिटार एकाच बोर्डावरून घ्या, आणि गायकाने तोंड नेण्याआधी माइकच्या जाळीला टेस्टर लावून पाहा.

किमती बदलत असतात, म्हणून आकडा न सांगता प्रमाण सांगतो. गिटारच्या निम्म्या किमतीपर्यंत ॲम्प्लिफायर घ्यावा. उरतील त्यातून चांगली केबल, ट्यूनर, तारांचा जादा संच आणि शिकवणीची फी. जुना मिळाला तर आनंदाने घ्या, फक्त स्पीकरचा कागद फाटला नाही ना आणि मेनची वायर कोणी जोडून ठेवली नाही ना, ते पाहा.

उद्या आरतीनंतर मी टेस्टर आणि टेस्ट-लॅम्प घेऊन मंडपाच्या मागच्या टेबलाशी बसणार आहे. ज्यांच्या घरी ॲम्प्लिफायर आहे त्यांनी तो वायरीसकट आणावा, तपासून देईन. आणि रविवारच्या कार्यक्रमात गिटार वाजवणाऱ्या मुलांनी, बाळांनो, स्टेजवर चढण्याआधी मला भेटा. तुमचा बोर्ड मी स्वतः लावून देणार आहे.