चुंबकाच्या अमलाखालील थेंब

कळंब तालुक्यातील माझ्या कास्तकार श्रोत्यांनी फवारणीच्या वेळी तेलकट औषध पाण्यात पडताक्षणी पाणी दुधाळ झालेले अनेकदा पाहिले असेल. परंतु ते दूध म्हणजे तेलाच्या असंख्य सूक्ष्म थेंबांचा समुदाय असून, प्रत्येक थेंबावर साबणाच्या जातीच्या रेणूंचे आवरण असल्यामुळेच ते थेंब परस्परांत विलीन होत नाहीत, याचा विचार पाठीवर पंप असताना कोण करणार? या रेणूंचे एक टोक पाण्याकडे आणि दुसरे तेलाकडे ओढ घेते, व त्या कारणाने थेंबाचा पृष्ठताण उतरतो.

आता तेलाच्या जागी चुंबकाला वश होणारा द्रव आहे असे समजा. अंतराळातील भारहीन अवस्थेत अग्निबाणाचे इंधन चुंबकाने ओढून घ्यावे, या तजविजीने अमेरिकेतील नासा संस्थेच्या स्टीफन पॅपेल यांनी १९६३ च्या सुमारास तो सिद्ध केला. त्यातील मॅग्नेटाइटचे कण सुमारे १० नॅनोमीटर व्यासाचे असतात, आणि ते एकत्र गोळा होऊ नयेत म्हणून त्यांच्यावरही ओलेइक अम्लाचा लेप असतो. इंधनाची तजवीज मागे पडली. द्रव मात्र फिरत्या दांड्यांच्या सांध्यांत व ध्वनिक्षेपकांत रुजू झाला.

अशा द्रवाचा स्थिर थेंब चुंबकीय क्षेत्रात क्षेत्राच्या दिशेने लांबट होतो, पृष्ठताण त्याला पुन्हा गोल करू पाहतो, आणि या ओढाताणीत प्रवाह शिरला की खरी गुंतागुंत सुरू होते. प्रवाहाच्या थरांचा वेग कमीअधिक असल्याने थेंब ताणला जाऊन कलतो, हे जी. आय. टेलर यांनी १९३४ साली प्रयोगाने दाखविले होते. क्षेत्र प्रवाहाला आडवे, म्हणजे नलिकेच्या एका भिंतीकडून दुसरीकडे असेल, तर थेंब अधिक उभा राहतो व मिश्रणाची श्यानता (वाहण्यास होणारा विरोध) वाढते. क्षेत्र प्रवाहाच्याच दिशेने असेल तर तो आडवा होतो.

साबणी आवरण या झगड्यात तटस्थ राहत नाही. प्रवाह ते रेणू थेंबाच्या दोन्ही टोकांकडे लोटतो, तेथील ताण घटतो, आणि टोके सहज पुढे येतात. परंतु ताण असमान होताच कमी ताणाच्या जागेकडून अधिक ताणाच्या जागेकडे पृष्ठावर जी ओढ उत्पन्न होते (हिला इटालियन शास्त्रज्ञ मारांगोनी यांचे नाव आहे), ती पृष्ठाच्या चलनालाच विरोध करते. शिवाय चुंबकाने थेंब लांबविला म्हणजे पृष्ठाचे क्षेत्रफळ वाढून तेच रेणू विरळ होतात, व उतरलेला ताण काही अंशी परततो. म्हणून आवरणाचा हिशेब ‘ताण इतका कमी’ अशा एकाच आकड्यात मांडणे मला अपुरे वाटते.

अशा थेंबांतून औषध नेमके रोगस्थानी पोहोचविण्याची उमेद संशोधक बाळगतात. चुंबकाचा जोर अंतराबरोबर झपाट्याने ओसरत असल्याने शरीरात खोलवर तसा बंदोबस्त ठेवणे फार कठीण आहे, आणि तूर्त ही विद्या प्रामुख्याने प्रयोगशाळेतील बारीक नलिकांतच अंमल चालविते.