राखेखालचा निखारा

(कराड येथे प्रौढ साक्षरता वर्गात केलेले भाषण)



रात्री चूल विझली असे आपल्याला वाटते. वर नुसती राख दिसते. पण राख उकरली की आत निखारा असतो. वारा लागला की तो फुलतो. काविळीचा एक प्रकार असाच आहे. त्याचे नाव 'हेपॅटायटिस बी'.

हा रोग एका विषाणूमुळे होतो. विषाणू डोळ्यांना दिसत नाही. तो यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये राहतो. बोकडाची कलेजी तुम्ही पाहिली आहे. तोच अवयव आपल्याला उजव्या बरगड्यांखाली असतो. विषाणू तेथे वर्षानुवर्षे गुपचूप बसतो. माणूस शेतात राबतो, बाजार करतो. त्याला पत्ताही नसतो. काहींचे यकृत मात्र हळूहळू खराब होते. कोणाकोणाला तेथे कॅन्सर होतो.

आता मुख्य गोष्ट ऐका. यकृताच्या कॅन्सरवर काही वेळा किरणांचा उपचार करतात. आपण त्याला 'शेक देणे' किंवा 'लाईट देणे' म्हणतो. किरण कॅन्सरची गाठ मारतात. या उपचाराला भिऊ नका. पण त्यानंतर निजलेला विषाणू जागा होऊ शकतो. तो भराभर वाढतो. डोळे पिवळे होतात. लघवी गडद होते. अन्नावरची वासना उडते. कधी शेक मध्येच थांबवावे लागतात. कधी यकृत निकामी होऊन जीवही जातो.

मग करायचे काय? शेक सुरू होण्याआधी रक्त तपासायचे. विषाणू सापडला तर डॉक्टर गोळ्या देतात. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर अशी त्यांची नावे आहेत. गोळी रोज घ्यायची. गोळी निखारा विझवत नाही, दाबून ठेवते. शेक संपले, बरे वाटले, म्हणून काही जण गोळी बंद करतात. तिथेच घात होतो! डॉक्टर सांगतील तोवर गोळी चालू ठेवा. रक्ताची तपासणीही चुकवू नका.

आपल्याकडे कावीळ म्हटली की लोक माळ घालतात, कावीळ उतरवून घेतात. त्याने हा विषाणू जात नाही. उलट मोलाचे दिवस वाया जातात.

पैशाची काळजी वाटेल. २८ जुलै २०१८ रोजी सरकारने या काविळीसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात तपासणी आणि औषध मोफत आहे. सरकारी दवाखान्यात चौकशी करा. २८ जुलै हा डॉक्टर ब्लुमबर्ग यांचा जन्मदिवस. याच विषाणूच्या शोधासाठी त्यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

घरात असा रोगी असेल तर त्याचे ताट वेगळे करू नका. एकत्र जेवल्याने हा रोग लागत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला लागतो. म्हणून दुसऱ्याचे ब्लेड, वापरलेली सुई घेऊ नका. बाळ जन्मले की २४ तासांच्या आत त्याला लस टोचून घ्या. घरातल्या मोठ्या माणसांनीही रक्त तपासून लस घ्यावी.

कराडच्या कृष्णा रुग्णालयात जा, नाही तर मुंबईच्या टाटा रुग्णालयात जा. पूर्वी कावीळ झाली असेल तर लपवू नका. आणि शेकाआधी एक प्रश्न जरूर विचारा : "डॉक्टर, हेपॅटायटिस बी ची तपासणी झाली का?" विचारायला लाजू नका. जीव आपल्या माणसाचा आहे.